कॅनडाची ज्युनियर नॅशनल बास्केटबॉल: एवढा जुना खेळ, तरी ही स्पर्धा कोणी बघत का नाही?

मिसिसागाचा_मामा
मंडळी, भाचा यंदा ऑन्टारिओच्या अंडर-15 टीमच्या ट्रायआउटला जाणार आहे. घरात सध्या तेवढा एकच विषय. बहिणीने मला कामाला लावलंय की दादा तू जरा बघ ही नॅशनल चॅम्पियनशिप काय भानगड आहे, त्यात उतरून पुढे काही होतं का. म्हणून थोडं खणलं आणि माझं मत असं झालंय (शिव्या घालायला मोकळीक आहे) की या स्पर्धेचा इतिहास मोठा असेल, पण उपयोग शून्य. बघा ना, 2013 ला अँथनी बेनेट आणि 2014 ला अँड्र्यू विगिन्स, लागोपाठ दोन वर्षं एनबीए (अमेरिकेची प्रो लीग) ड्राफ्टचा, म्हणजे नवीन खेळाडूंच्या निवडीचा, पहिला नंबर कॅनडाच्या पोरांचा. शाई गिल्जस-अलेक्झांडर हॅमिल्टनचा, 2025 ला एमव्हीपी (सीझनचा सर्वोत्तम खेळाडू) पण आणि चॅम्पियन पण. पण विगिन्स शाळेला वेस्ट व्हर्जिनियात, शाई टेनेसीत, आर.जे. बॅरेट फ्लोरिडात. म्हणजे पोरगं जरा चमकलं की सीमेपलीकडे. मग ऑगस्टमध्ये कुठल्यातरी कॉलेजच्या जिममध्ये आईबापांसमोर होणाऱ्या नॅशनलचं काय लोणचं घालायचं?

कट्ट्यावरचा_बंड्या
पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

नागपाडा_पॉइंटगार्ड
मामा, आधी फॉरमॅट सांगा. आपल्याकडे ज्युनियर नॅशनलला राज्याच्या टीम उतरतात, महाराष्ट्र, तमिळनाडू, पंजाब वगैरे, तसंच का क्लब खेळतात? आम्ही नागपाड्याच्या सिमेंटच्या कोर्टवर गुडघे फोडून घेतलेले लोक, आम्हाला राज्याच्या सिलेक्शनचं राजकारण तेवढं समजतं.

मिसिसागाचा_मामा
@नागपाडा, सेम टू सेम. प्रांतांच्या टीम. ऑन्टारिओ, क्वेबेक, बीसी (ब्रिटिश कोलंबिया), अल्बर्टा, मॅनिटोबा, नोव्हा स्कोशिया असे सगळे. आता अंडर-15 आणि अंडर-17 असे गट आहेत, पूर्वी मिजेट, जुव्हेनाइल, ज्युनियर अशी नावं असायची. उन्हाळ्यात साधारण आठवडाभरात पूल मॅचेस, मग क्रॉसओव्हर, मग फायनल. ऑन्टारिओचं पारडं नेहमीच जड, कारण निम्मा बास्केटबॉल टोरांटोच्या आसपासच आहे.

वैदेही_व्हँकुव्हर
"निम्मा बास्केटबॉल टोरांटोच्या आसपास" 🙄 हे वाक्य बीसीत कुठल्याही जिममध्ये मोठ्याने म्हणून दाखवा आणि धडपणे बाहेर या.

मामा, तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर शाळांमध्ये आहे. कॅनडात शिक्षण हा प्रांतांचा विषय, ओटावाच्या केंद्र सरकारचा नाही, त्यामुळे शाळांचे खेळही प्रांतापुरते. शाळांची नॅशनल चॅम्पियनशिप असा प्रकारच नाही. बीसीची हायस्कूल बॉइज फायनल लँगलीला होते, तिथे मार्चमध्ये या म्हणजे कळेल कोणी बघतं की नाही. माजी विद्यार्थी पंधरा-वीस वर्षांपूर्वीची जर्सी घालून येतात, पोटावर बसत नसली तरी. बँड असतो, छोट्या गावातल्या शाळेची मॅच असली की अख्खं गाव गाड्या काढून येतं. लोकांचा जीव अडकलाय तो शाळेत. नॅशनलला मात्र प्रांताची टीम, म्हणजे काल एकमेकांचे दुश्मन असलेल्या बारा पोरांची उन्हाळ्यात बांधलेली मोट. त्यांच्यासाठी ओरडणार कोण? म्हणून ती जिम रिकामी, त्यात पोरांच्या खेळाचा काय दोष.

सातारी_तडका
+१. आमच्याकडे पण तालुक्याच्या मॅचला जत्रा आणि राज्याच्या मॅचला पंच, खेळाडू आणि चहावाला.

जुने_जाणते_नाना
धागा चांगला आहे म्हणून सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर खाली स्क्रोल करा.

सुरुवातीपासून घ्यायचं तर हा खेळच मुळात कॅनडाच्या माणसाचा. जेम्स नेस्मिथ, ऑन्टारिओतल्या आल्माँटजवळचा, जन्म 1861, शिकला मॉन्ट्रियलच्या मॅकगिलला. डिसेंबर 1891 मध्ये अमेरिकेत स्प्रिंगफिल्डच्या वायएमसीएच्या ट्रेनिंग स्कूलमध्ये हिवाळ्यात पोरांना कोंडून कसं गुंतवायचं म्हणून पीचच्या टोपल्या ठोकल्या आणि 13 नियम लिहिले. पहिल्या खेळात दोन्हीकडून नऊ-नऊ जण, आणि मॅच संपली 1-0 वर. लहानपणी गावाकडे दगडावर दगड ठेवून लांबून पाडायचा एक खेळ तो खेळायचा, नेम धरून हळुवार उंचावून टाकलं तरच जमायचं, तिथून त्याला आडवं उंचावर लावलेल्या टोपलीची कल्पना आली. आपली लगोरी समजा, फक्त फोडाफोडी कमी. पण पिकतं तिथे विकत नाही तसं झालं, कॅनडात हॉकीच्या बर्फापुढे बास्केटबॉल कायम धाकटा भाऊ राहिला.

आता राष्ट्रीय स्पर्धेचं. हा देश केवढा आडवा आहे ते आधी डोळ्यासमोर आणा. व्हिक्टोरिया ते सेंट जॉन्स, ट्रान्स-कॅनडा हायवेने सात हजार किलोमीटरच्या वर. विमानं स्वस्त होण्याआधी सगळ्या टीम एका जागी आणून आठवडाभर खेळवणं कोणाच्या बापाला परवडणार? म्हणून जुनी पद्धत अशी की प्रांताचा विजेता शेजारच्या प्रांताच्या विजेत्याशी खेळणार, असं करत पूर्वेचा एक आणि पश्चिमेचा एक उरणार, आणि मग एकजण ट्रेनमध्ये बसून दुसऱ्याच्या गावी जाऊन फायनलची सिरीज खेळणार. सीनियरला हेच, ज्युनियरलाही हेच. आणि तेव्हा क्लब खेळायचे, प्रांताची निवडलेली टीम नव्हे. ट्रेनमध्ये दिवसच्या दिवस बसून आखडलेल्या पायांनी दुसऱ्याच्या घरच्या कोर्टवर उतरायचं, तिथला रिम, तिथले पंच, तिथली पब्लिक. पाहुण्या टीमने जिंकलं तर खरंच कमावलं म्हणायचं.

या पद्धतीचा सगळ्यात मोठा परिणाम 1936 ला दिसला. बर्लिन ऑलिम्पिकला बास्केटबॉल पहिल्यांदा आला तेव्हा कॅनडाने देशभरातून निवड वगैरे केली नाही, जो राष्ट्रीय विजेता तोच ऑलिम्पिकला. विंडसरची फोर्ड व्ही-8 नावाची टीम (हो, मोटारीच्या इंजिनावरूनच, फोर्डचं गाव ते). त्यांच्यात व्हिक्टोरियाचे दोन-तीन जण मिसळले, चॅपमन बंधू आणि डग पेडन, आणि गेले. सिल्व्हर घेऊन आले. ऑलिम्पिकमध्ये बास्केटबॉलचं कॅनडाचं ते एकमेव मेडल आहे आजतागायत, पुरुष काय महिला काय. म्हणजे मामा, उपयोग शून्य असं सरसकट म्हणू नका.

कट्ट्यावरचा_बंड्या
नाना फायनलचा स्कोअर पण सांगा ना, मजा आहे त्यात.

जुने_जाणते_नाना
अमेरिका 19, कॅनडा 8. 😀 टायपो नाही. उघड्यावर, टेनिसच्या मातीच्या कोर्टवर, धो धो पावसात. बॉल आपटला की उसळायचाच नाही, चिखलात रुतून बसायचा, म्हणजे ड्रिबल बंद, नुसते पास. अमेरिकेच्या जो फोर्टेनबेरीने एकट्याने 8 केले, म्हणजे अख्ख्या कॅनडाएवढे. आणि मेडल द्यायला स्वतः नेस्मिथ हजर होते, पंचाहत्तरीला टेकलेला म्हातारा, ज्याने हा खेळ पाऊस-बर्फात बाहेर जायला नको म्हणूनच शोधला होता.

नागपाडा_पॉइंटगार्ड
जुलैमध्ये आमच्या कोर्टला आले असते तर सवय झाली असती. आम्ही फडक्याने पुसून पुसून खेळायचो, तीन मिनिटं खेळ, दोन मिनिटं पोछा.

शुभांगी_कॅलगरी
नाना छान लिहिलंत, पण तुम्ही सगळे पुरुषांवरच थांबलात म्हणून थोडं अवांतर. कॅनडात ज्युनियर पोरांतून टीम कशी घडवायची हे ज्याने खरं करून दाखवलं तो एडमंटनचा पर्सी पेज, आणि त्याची टीम मुलींची होती. मॅकडूगल कमर्शियल हायस्कूल. 1915 ला शाळेतून पास झालेल्या मुली म्हणाल्या आम्हाला खेळत राहायचंय, म्हणून एडमंटन ग्रॅड्स. 1940 पर्यंत चालली, 502 मॅच जिंकल्या आणि हरल्या 20. परत वाचा, वीस. कारण काय, तर खाली शाळेच्या टीम, त्यातून ग्रॅडेट्स, त्यातून ग्रॅड्स, सगळीकडे तेच डावपेच आणि तीच शिस्त. वर एक जागा रिकामी झाली की खालची मुलगी येऊन त्याच जागी उभी राहणार, तिला कुठे पळायचं हे आधीच पाठ. हेच पेज पुढे अल्बर्टाचे लेफ्टनंट गव्हर्नर झाले.

एक_तर्कट_माणूस
धाग्याचा विषय ज्युनियर मेन्स आहे. बायकांच्या टीमचा इतिहास वेगळ्या धाग्यात घ्यावा ही विनंती.

शुभांगी_कॅलगरी
502-20. तुमच्या मेन्सचा रेकॉर्ड टाका, मग मी नवीन धागा काढते.

सातारी_तडका
गप्पगार 😂

घाटकोपर_टू_गेल्फ
मामांच्या मूळ मुद्द्यावर येतो. मी मामांशी अर्धा सहमत. पोरं अमेरिकेत जातात हे खरंच, पण का जातात? स्टीव्ह नॅशचं उदाहरण घ्या, व्हिक्टोरियाच्या सेंट मायकल्स शाळेत असताना अख्ख्या अमेरिकेतून स्कॉलरशिपची ऑफर एकच आली, सँटा क्लाराची. एक! तोच माणूस पुढे 2005 आणि 2006 ला एमव्हीपी. नंतरच्या पिढीतल्या आईबापांनी त्यातून एवढंच ओळखलं की कॅनडात कितीही खेळलं तरी कोच लोक बघायला येत नाहीत, त्यापेक्षा पोराला तिकडेच नेऊन टाका. म्हणजे स्पर्धा वाईट नव्हती, कॅमेरा तिथे नव्हता.

आणि आता ते बदलतंय. जमाल मरे किचनरचा, तो ऑरेंजव्हिललाच राहिला, ऑन्टारिओतच, आणि तिथून अमेरिकेत केंटकी युनिव्हर्सिटी आणि 2023 ला डेन्व्हरबरोबर एनबीए चॅम्पियन. 2015 पासून ऑन्टारिओत प्रेप शाळांची (बास्केटबॉलवर भर देणाऱ्या शाळा) स्वतःची लीग आहे, त्याच वर्षी हायस्कूलच्या टॉप पोरांची ऑल-कॅनडियन मॅच सुरू झाली. आमच्या गेल्फहून ऑरेंजव्हिल तासाभराच्या आत, पूर्वी त्या वयाची चांगली पोरं तिकडे बघायलाच मिळायची नाहीत.

एक_तर्कट_माणूस
मग नॅशनलचं श्रेय काय? हे सगळं प्रेपचं श्रेय झालं.

घाटकोपर_टू_गेल्फ
2017 चं कैरो आठवतंय का? अंडर-19 वर्ल्ड कप. सेमीला अमेरिका, कोच कॅलिपारी. कॅनडाने 99-87 ने हाणले. आर.जे. बॅरेट तेव्हा 17 वर्षांचा, 38 पॉइंट आणि 13 रिबाउंड. फायनलला इटली 79-60. बास्केटबॉलमध्ये कुठल्याही वयोगटात, वर्ल्ड कप किंवा ऑलिम्पिकमध्ये कॅनडाचं हे पहिलं गोल्ड. त्या टीममध्ये अमेरिकेत शिकणारी पण होती आणि इथलीही होती. अशी टीम तीन-चार आठवड्यांच्या कॅम्पमध्ये एकदम उभी राहत नाही. पंधराव्या वर्षी प्रांताच्या टीममध्ये, सोळाव्या-सतराव्या वर्षी देशाच्या कॅम्पमध्ये, असं एकमेकांबरोबर आणि एकमेकांविरुद्ध खेळत ती पोरं वर येतात. राष्ट्रीय टीमचे कोच आणि स्काउट त्या "रिकाम्या" जिममध्ये बसलेले असतात मामा, फक्त ते ओरडत नाहीत.

वैदेही_व्हँकुव्हर
आणि बॅरेटची घरची गोष्टही आहेच की. बाप रोवन बॅरेट 2000 च्या सिडनी ऑलिम्पिकच्या टीममध्ये, नॅशबरोबर, आणि नॅश हा आर.जे.चा गॉडफादर. त्या टीमने युगोस्लाव्हियाला हरवलं, मग क्वार्टरला फ्रान्सकडून गेली. त्यानंतर पुरुषांची टीम ऑलिम्पिकला दिसली ती एकदम 2024 ला पॅरिसला. चोवीस वर्षं! तिथेही क्वार्टरला कोण? फ्रान्स. डोक्याला शॉट.

डोंबिवली_फास्ट_ब्रेक
2017 च्या टीमचा कोच कोण होता ते कोणी लिहिलंच नाही. रॉय राणा! पंजाबी घरातला, टोरांटोत ईस्टर्न कॉमर्स हायस्कूलला शिकवून-कोचिंग करून वर आलेला, मग रायर्सन युनिव्हर्सिटी. 2010 ला हॅम्बुर्गला अंडर-17 वर्ल्डचं ब्राँझ मिळालं तेव्हाही कोच हाच, आणि टीममध्ये विगिन्स.

आणि हा माणूस मुंबईत येऊन गेलाय बरं. ऑक्टोबर 2019, वरळीचा एनएससीआय डोम, एनबीएच्या सॅक्रामेंटो किंग्ज विरुद्ध इंडियाना पेसर्स. राणा किंग्जच्या बाकावर असिस्टंट कोच. पहिल्या मॅचला जवळपास सगळी पब्लिक शाळेतली पोरं, मी आमच्या शाळेची गँग घेऊन गेलो होतो. पोरं दोन्ही टीमसाठी सारखीच बोंबलत होती, कोणाला कोण माहीत नाही, बॉल गेला की आरडाओरडा, चुकला तरी आरडाओरडा. ओव्हरटाइमला गेली मॅच, पेसर्स 132-131. वॉर्मअपला एक कोच पोस्टवर एका पोराच्या पाठीवर पॅड दाबून धरून पुन्हा पुन्हा तोच एक टर्न करून घेत होता, डावा पाय आधी, मग खांदा, मग वर. शेवटपर्यंत एकदाही शाबासकी दिली नाही. आमच्या सेंटरने ते बघून घरी येऊन आईच्या पाठीवर उशी दाबून ट्राय केलं म्हणे.

सातारी_तडका
आईने काय दाबलं ते नाही लिहिलंत 😂

नागपाडा_पॉइंटगार्ड
किंग्जचा मालक विवेक रणदिवे पण मुंबईचाच जन्माचा. आणि सिम भुल्लर विसरलात का, टोरांटोचा 7 फूट 5 इंच, 2015 ला किंग्जकडूनच खेळला, भारतीय वंशाचा पहिला एनबीए खेळाडू.

आणि वायएमसीए म्हणालात नाना, तर तो धागा इथेही येतोच. आमचं मस्तान वायएमसीएचं मैदान, आणि मद्रासचं वायएमसीए फिजिकल एज्युकेशन कॉलेज, ते 1920 ला हॅरी बक यांनी काढलं, ते स्प्रिंगफिल्डलाच शिकलेले. म्हणजे नेस्मिथच्याच शाळेचे.

मॉन्ट्रियलची_मृणाल
क्वेबेकचं कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. आमच्याकडे शाळा अकरावीला संपते, मग दोन वर्षं सेजेप, म्हणजे युनिव्हर्सिटीआधीचं कॉलेज. म्हणजे बाकी कॅनडातली पोरं बारावीत शाळेकडून खेळत असतात तेव्हा आमची सतरा वर्षांची पोरं कॉलेजमध्ये वीस वर्षांच्या बाप्यांचा मार खात असतात. डॉसन, व्हॅनिये वगैरे कॉलेजांच्या मॅचेस बघा, जिम छोटी पण आवाज असा की कानठळ्या बसतात, फ्रेंच, इंग्लिश आणि हैतीची क्रिओल, तिन्ही भाषांत पंचाची आई-बहीण. लू डॉर्ट मॉन्ट्रियलचा, बेनेडिक्ट मॅथुरिन मॉन्ट्रियल-नॉर्डचा, ख्रिस बूशे तर आधी भांडी घासत होता रेस्टॉरंटमध्ये. पूर्वी ज्युनियर नॅशनल म्हटलं की बीसी आणि ऑन्टारिओचीच चर्चा असायची, आता क्वेबेकशी पूलमध्ये गाठ पडली की लोक ड्रॉ बघून चुकचुकतात.

एक_तर्कट_माणूस
माझ्या मते हे सगळं ना नॅशनलमुळे ना प्रेपमुळे. 1995 ला टोरांटोत एनबीएची रॅप्टर्स टीम आली आणि 1998 ला त्यांच्याकडे व्हिन्स कार्टर आला, विषय संपला. आत्ताचे सगळे स्टार त्याला टीव्हीवर बघत किंवा त्याच्या नादी लागलेल्या मोठ्या भावांबरोबर वाढलेत. आणि बर्फाच्या हॉकीचा खर्च बघा, स्केट्स, पॅड, रिंकचं भाडं, पहाटे पाचला गाडी काढा. जमैका, हैती, नायजेरिया, पंजाबहून आलेल्या घरांना एक बॉल आणि शाळेमागची रिंग परवडते. बास्केटबॉल वाढला तो यामुळे.

जुने_जाणते_नाना
तर्कटराव, कार्टरचा मुद्दा शंभर टक्के मान्य, पण तेवढ्यावर विषय संपत नाही. एनबीएची पहिली मॅच 1 नोव्हेंबर 1946 ला टोरांटोतच झाली होती, मेपल लीफ गार्डन्सला, टोरांटो हस्कीज विरुद्ध न्यूयॉर्क, 68-66 ने न्यूयॉर्क. जाहिरात काय केली होती माहितीये, आमच्या जॉर्ज नॉस्ट्रँडपेक्षा म्हणजे 6 फूट 8 पेक्षा जो उंच असेल त्याला फुकट प्रवेश. एका सीझनमध्ये गाशा गुंडाळला. व्हँकुव्हरला 1995 ला ग्रिझलीज आले, 2001 ला मेम्फिसला गेले. प्रो टीम येतात जातात. मधल्या पन्नास वर्षांत, इथे एनबीएची टीम नाही, तेव्हा हा खेळ देशात जिवंत ठेवला कोणी? शाळा, युनिव्हर्सिटी आणि या क्लबांच्या ज्युनियर-सीनियर नॅशनलनी. युनिव्हर्सिटीची नॅशनल 1963 ला सुरू झाली, विंडसरलाच. 1976 च्या मॉन्ट्रियलला चौथे, 1984 ला लॉस एंजेलिसला चौथे, आणि 1983 ला एडमंटनच्या युनिव्हर्सियाडला (युनिव्हर्सिटीच्या पोरांची जागतिक स्पर्धा) तर पुढे एनबीएत गाजलेले बार्कली-मलोन असलेल्या अमेरिकेला हरवून गोल्ड. कोच जॅक डोनोह्यूच्या त्या पोरांनी कार्टरला कुठे बघितलं होतं?

कट्ट्यावरचा_बंड्या
नाना डंक. तर्कट पोस्टर झाले.

मिसिसागाचा_मामा
वा, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. वैदेहीचा शाळांचा मुद्दा आणि गेल्फवाल्यांचा स्काउटचा मुद्दा घेऊन बहिणीशी बोललो. माझं म्हणणं तरी पूर्ण सोडत नाहीये, कारण पैशाचं कोणीच बोललं नाही. प्रांताच्या टीममध्ये निवड झाली तरी फी, प्रवास, राहणं यातलं बरंचसं घरून जातं. भाचा आधी ज्या क्लबमध्ये होता तिथे तर टूर्नामेंटच्या नावाखाली दर महिन्याला नवीन पावती, आणि पोराला मिनिटं मिळायची ती वीस पॉइंटने मागे पडल्यावर. तेव्हा ट्रेनच्या तिकिटाचे वांधे होते, आता विमानाच्या, फरक काय?

शुभांगी_कॅलगरी
मामा, क्लबचं आणि प्रांताच्या टीमचं एकत्र करू नका. क्लब तुम्हाला गिऱ्हाईक म्हणून बघतो. प्रांताच्या कोचला ऑगस्टमध्ये मॅच जिंकायची असते, तो पोराला फुकट बसवणार नाही. आणि फीमध्ये मदत मिळते, मुलांच्या खेळासाठी पैसे देणाऱ्या संस्था आहेत, प्रांताच्या असोसिएशनला सरळ ईमेल टाका, लाजू नका. आपले लोक विचारतच नाहीत.

वैदेही_व्हँकुव्हर
आणि ट्रायआउटला त्याला एक सांगा, पॉइंट मारून दाखवायला जाऊ नको. तिथे येणारा प्रत्येकजण आपापल्या शाळेचा टॉप स्कोअररच असतो. कोचला बाराव्या जागेसाठी डिफेन्स करणारा, बेंचवर बसून ओरडणारा आणि पहिल्या दिवशी शिकवलेला सेट दुसऱ्या दिवशी लक्षात ठेवणारा पोरगा हवा असतो. माझ्या मुलाची पहिली निवड तशीच झाली, दोन दिवसांत बास्केट किती केल्या असतील त्या एका हातावर मोजता येतील.

मिसिसागाचा_मामा
हे बहिणीला फॉरवर्ड केलं. तिचा प्रश्न: "बेंचवर बसून ओरडणारा" हे घरी शिकवायची गरज आहे का, कारण तो घरी दुसरं काहीच करत नाही.

सातारी_तडका
सिलेक्शन पक्कं समजा.

एक_तर्कट_माणूस
1983 च्या मॅचची रेकॉर्डिंग कुठे मिळेल का कोणाकडे? नानांवर विश्वास आहे, पण बार्कलीला हरताना बघायचंय.